पिनेवरचा अंगठा

रेडिओच्या डाव्या बाजूला एक बारीक भोक होतं. एलिमिनेटरच्या वायरची पिन त्यात बसली की रेडिओ घरातल्या विजेवर चाले; पिन काढली की आतले सेल आपोआप काम हाती घेत. त्यासाठी भोकाच्या आत पितळेची एक पातळ पट्टी होती. पिन आत गेली की ती उचलली जाई आणि सेलची वाट बंद होई. पिन निघाली की पट्टी परत खाली बसे. रेडिओ बनवणाऱ्याने विचार चांगला केला होता. एखादी बाई दिवसातून किती वेळा ती पिन काढेल आणि घालेल, एवढं मात्र त्याच्या मनात आलं नसावं.

आमच्या घरी ती बाई म्हणजे माझी बायको. सानगडीच्या आमच्या घरात वीज आली, त्यानंतर तिच्या भावाने तिला हा रेडिओ आणून दिला. आम्हाला मूल नव्हतं. मी शाळेतून आलो की पुस्तकात डोकं घालून बसणारा. घरात आवाज आणला तो तिने. चुलीजवळ, विहिरीवर, मागच्या वाडीत, जाईल तिथे रेडिओ बरोबर. धानाच्या रोवण्याला गेली तर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाला अडकवून ठेवी. रोवणाऱ्या बाया चिडवत, "गुरुजी बोलत नाई म्हून डब्बा घेऊन फिरते का वो?"

"तुमच्यापेक्षा डब्बा बरा," ती म्हणे. "चूप म्हटलं तं चूप तरी होते."

घरी आली की पुन्हा पिन आत. मी एकदा म्हटलं, "कितीदा काढशील? ढिली होईन ना."

"चालता-फिरता रेडू हाय ना जी? मंग खुट्याले कायले बांधू?"

तिला नागपूरच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा डॉक्टर "घरी न्या" एवढंच म्हणाले होते. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला होता. मधल्या खोलीत खिडकीशी तिची बाज टाकली, उशाशी रेडिओ ठेवला. आता तो कुठेच जाणार नव्हता, आणि नेमका आताच तो पिन धरेना. वायर जराशी हलली की आवाज जाई. मी नवे सेल आणून घातले, तरी मुकाच. पट्टी वर उचललेली ती तशीच राहिली होती. सेलचीही वाट त्यामुळे बंद. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी दुकानदाराने जुने सेल दिले म्हणून चिडलो.

उपाय तिनेच काढला. पिन अंगठ्याने वर दाबून धरली की रेडिओ बोले. ती कुशीवर वळून, अंगठा लावून ऐकत राही. हात थकला की आवाज तुटे, ते मला बाहेरच्या छपरीत कळे आणि मी उठून आत जाई. मग मीच बाजेजवळ स्टूल ओढून बसू लागलो. शाळेतून रजा घेतली होती. एका हाताचा अंगठा पिनेवर, दुसऱ्या हातात पुस्तक. पण एका हाताने पान नीट उलटत नाही. पुस्तक खाली ठेवलं.

लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिच्याजवळ असा कधी बसलो नव्हतो. ती गाण्यांबद्दल काहीबाही सांगे. हे गाणं लागलं तेव्हा दूध उतू गेलं होतं. ते गाणं तिच्या आईला मुळीच आवडत नसे. बातम्या सुरू झाल्या की म्हणे, "सोडा आता अंगठा. जगाले जरा चूप बसू द्या."

मग एकदा तिने माझा हात हातात घेऊन पाहिला. "लाल झाला ना जी. साकोलीले दाखवून आना तो रेडू."

शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवून मी बसने साकोलीला गेलो. मिस्त्रीने मागचं झाकण उघडलं. "पट्टीतली जान गेली, गुरुजी," तो म्हणाला. त्याने पिनेची नवी बैठक बसवली, कथलाचा डाग दिला, पिन घालून ओढून दाखवली. "आता बैलानं ओढली तरी निघत नाई."

मिस्त्रीने काढलेले सेल मी परत घातले नाहीत; घरी आल्यावर पिन तिनेच घातली. वायर हलवून पाहिली, रेडिओ इकडचा तिकडे केला. आवाज तुटला नाही. पुष्कळ दिवसांनी ती हसली.

"जमलं जी! आता जा तुमी छपरीत. बूक वाचा."

"बसतो ना."

"कितीक दिवस माया रेडूले धरून बसान? जा म्हनते ना. तुमचा जीव बुकात हाय, मले मालूम नाई का?"

मला बसायचं होतं. पण बसायला कारण उरलं नव्हतं, आणि कारणाशिवाय तिच्याजवळ बसायची मला सवय नव्हती. मी छपरीत गेलो.

असे काही दिवस गेले. त्या दुपारी मी वाचत होतो. आतून एकामागून एक गाणी येत होती, स्वच्छ, कुठेही न तुटता. ती ऐकते आहे असं समजून मी पानं उलटत राहिलो. चहा घेऊन आत गेलो, तेव्हा रेडिओवर कोणीतरी धानावरच्या किडीबद्दल सांगत होतं. तिचा हात उशीवर उघडा पडला होता. हात गार होता.

काकू धावत आल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गुरुजी, रेडू बंद करा जी." बटण मला सुचलंच नाही. मी पिन ओढली. ती निघेना, दोन्ही हातांनी ओढावी लागली.

त्या दुपारची सगळी गाणी मी छपरीतून ऐकली होती. त्यांतलं कोणतं तिने ऐकलेलं शेवटचं, ते मला सांगता येत नाही.