वरचं पान की खालचं?

आमच्या ऑफिसात एक किस्सा सांगून संपायच्या आत फोन वाजतो आणि दुसरा तयार होतो! महापेच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये बसून आम्ही चौघं शेतकऱ्यांना सांगतो, पिकाला काय कमी पडलंय. चौघांत एकाच्याही नावावर गुंठाभर जमीन नाही.

चौघांत गायकवाड सर सगळ्यांत जुने. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं, "पान पिवळं म्हटलं की आधी विचारा, वरचं की खालचं? वरचं कोवळं असेल तर लोह बघा. खालचं जुनं असेल तर नत्र. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं." आता घरी बायकोने डबा मागितला तरी मी विचारतो, "वरचा की खालचा?"

* * *

एका काकांच्या संत्र्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. मी म्हटलं, "काका, लोह कमी पडलंय."

"मग बुडाशी खिळे पुरू का?"

"नको, काका! त्याने काही होत नाही. फवारणी सांगतो."

मग हळूच, "आन् पुरलेले आसले तर?"

* * *

आमचा संतोष इथल्याच बोनकोडे गावचा. बाजारात टोमॅटोच्या बुडाला काळा डाग दिसला आणि गडी सुरूच झाला, "मावशी, याला कॅल्शियम कमी पडलंय. हा पण बघा. आणि हा..."

मावशी भडकली. "घ्याचा हाय का दवाखाना खोलाचा हाय?"

* * *

मग वरून निरोप आला. चौघांतला एक कमी करायचा, नाव सरांनी शुक्रवारपर्यंत द्यायचं. सगळ्यांची नजर नसरीनकडे. ती सगळ्यांत नवी, अजून प्रोबेशनवर. श्रीवर्धनहून आलेली, घरात नोकरीला लागलेली पहिलीच मुलगी. आमचं कुणाचंच कामात लक्ष लागेना.

त्याच आठवड्यात रिसेप्शनवरच्या मनीप्लँटच्या पानांच्या कडा करपल्या. सर म्हणाले, "याला खत कुणी घातलं?"

संतोषने हात वर केला. मग मी. मग नसरीन. मग सिक्युरिटीवाले मामा!

"अरे, त्याला काही कमी नव्हतं! टेन्शन तुम्हाला आलंय!"

* * *

शुक्रवारी संध्याकाळी सर मोठ्या साहेबांच्या केबिनमधून बाहेर आले. नसरीनने टेबल आधीच आवरून ठेवलं होतं. ती उठून उभी राहिली. मी आणि संतोष उगाच स्क्रीनकडे बघत बसलो.

"सर, नाव दिलंत?"

"दिलं."

तिला पुढचं विचारवेना. शेवटी म्हणाली, "वरचं की खालचं?"

सरांनी आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमधला डबा काढला, चष्म्याचं घर काढलं, दोन्ही बॅगेत भरलं.

"खालचं," ते म्हणाले. "आणि त्या मनीप्लँटला आता फक्त पाणी घाला!"