सहा महिन्यांच्या आत

आबांचा फोन आला की मी ‘हॅलो’ म्हणत नसे, थेट आकडाच सांगायचो. त्या सकाळीही मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं आणि मी करवादलो, ‘‘अजून सत्तावीस दिवस आहेत आबा, परवाच सांगितलं ना?’’ पलीकडे त्यांचा पुतण्या होता. म्हणाला, ‘‘गुरुजी, आबा गेलं. उसाला पाणी द्यायला गेल्यालं, बांधावरच...’’ इंदापूरहून कोऱ्हाळ्याला जाताना मला रडू येण्याआधी राग आला. सत्तावीस दिवसांनी ते अमेरिकेत शांतावहिनींना, आपल्या बायकोला, भेटणार होते. तेवढंही थांबता आलं नाही या माणसाला.

कोऱ्हाळ्याच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं, तेव्हा आबांच्याच घरातल्या एका खोलीत भाड्याने राहायचो. बदली होऊन इंदापूरला आलो तरी त्यांच्या घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे यायचा. मुलगा अविनाश अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला आणि त्याने आई-वडिलांचं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायमचं राहण्याचा परवाना, करून घेतलं. नातू झाला, तो चार वर्षांचा झाला तरी बोलेना, आजीच्या मांडीवर मात्र शांत बसायचा. म्हणून वहिनी तिकडेच राहिल्या. आबा महिनाभर राहून परतले. त्यांना तिथे करमेना आणि इथला ऊस दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव धजेना. सहा महिन्यांहून जास्त अमेरिकेबाहेर राहिलं तर विमानतळावर खोदून विचारतात, असं अविनाशने सांगितलं होतं. आबांनी तेवढंच धरून ठेवलं आणि त्यांचं वर्षातून दोनदा जाणं-येणं सुरू झालं.

त्यांच्या लेखी हे साखर कारखान्याच्या सभासदत्वासारखं होतं. अधूनमधून ऊस घातला, सभेला तोंड दाखवलं, की नाव यादीत जितं राहतं. मी कपाळ बडवून सांगायचो, आबा, तुम्ही किती वेळा आलात एवढंच ते लोक बघत नाहीत, तुमचं घर कुठे आहे ते बघतात. ‘‘घर तर हितं कोऱ्हाळ्यात हाय की,’’ ते शांतपणे म्हणायचे. आता या माणसापुढे किती डोकं फोडायचं!

पण खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी घोडचूक माझीच. एका खेपेला त्यांना निघायला उशीर होऊन सहा महिने अगदी भरत आले. चौकशी झालीच तर कागद असावेत म्हणून आम्ही दोघांनी बसून फाइल केली आणि सगळ्यात वर मी ताजा सातबारा लावला. आपल्याकडे माणूस कुठला, भरवशाचा आहे की नाही, हे त्या एका कागदावरून कळतं. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण माझ्या डोक्यात आलं नाही की तो कागद नेमकं उलटंच सांगेल. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, राहता कुठे? आबांनी अभिमानाने सातबारा पुढे केला. फोनवरच्या दुभाष्याने आबांना विचारून अर्थ सांगितला की हे गृहस्थ भारतात शेती करतात. तीन तास बसवून ठेवलं. शेवटी सोडलं, पण पुन्हा असं झालं तर कार्ड जाईल अशी तंबी देऊन. अविनाशचा मला फोन, ‘‘गुरुजी, आबांना सातबारा कुणी दिला?’’ ‘नेटवर्क नाही’ म्हणत मी फोन कापला.

त्यानंतर मी हट्टालाच पेटलो. कार्ड स्वखुशीने परत करायचा अर्ज असतो, तो भरून कोऱ्हाळ्याला गेलो. म्हटलं, सही करा आणि यापुढे पाहुण्याच्या व्हिसावर जा. दोन दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभे राहणार? त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, एक अक्षर कळत नसताना.

‘‘आन् व्हिसा न्हाय दिला तर?’’

मी म्हटलं, पुन्हा अर्ज करायचा.

‘‘म्हंजी बायकूला भेटायला मी अर्ज करू व्हय, गुरुजी?’’

मी चिडलो. इतकंच आहे तर तिकडे राहा, नाहीतर वहिनींना बोलावून घ्या, असं काहीबाही बोललो. वहिनी आल्या तर त्या पोराचं काय, हे मलाही ठाऊक होतं. आबांनी अर्जाची घडी घालून माझ्याच खिशात ठेवली आणि मला जेवायला बसवलं.

वहिनी पोचल्या तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. परवा त्यांना भेटायला गेलो. भिंतीवर कॅलेंडर तसंच होतं. सहा महिने मोजायला आबा इकडे आल्यापासून रोज पेन्सिलीने फुली मारत, त्या फुल्या ते गेले त्याच्या आदल्या दिवशी थांबलेल्या. दाराशी त्यांची निळी बॅग उभी होती. महिनाभर आधीच बॅग भरायची त्यांची खोड, त्यावरूनही मी त्यांना बोललो होतो. म्हटलं, वहिनी, उघडून तरी बघा, आत गूळ असेल, मुंग्या लागतील.

‘‘न्हाय उघडायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती माझ्यासाठी भरलीया. तितं न्हेऊनच उघडीन.’’

तिकडे नातू रोज आजीची वाट बघत दारापाशी जाऊन बसतो, असं अविनाशने कळवलं होतं. वहिनींनी कॅलेंडरच्या दोऱ्याला बांधलेली पेन्सिल सोडवून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, मला येऊन किती दिवस झालं तेवढं मोजून द्या.

मी मोजले. त्रागा केला नाही. आबांच्या शेवटच्या फुलीपुढचे चौकोन मोकळे सोडले आणि वहिनी आल्या त्या दिवसापासून फुल्या मारत आलो.