जन्मतारखेवरून, आपोआप

मुलीच्या लग्नपत्रिकेत आमच्या आप्पांचं नाव नानांच्या खाली छापलं गेलं, ते परदेशातल्या एका शिक्षिकेच्या हातून. गुन्हा मात्र माझा.

मयुरीचं, म्हणजे माझ्या मुलीचं, लग्न ठरलं. पत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून भावकीची त्रेसष्ट नावं घालायची होती (हा काटकसरीचा आकडा!). मयुरीने ती कॉम्प्युटरवरच्या एका फुकट प्रोग्रॅममध्ये भरली. त्याने नावं बाराखडीप्रमाणे लावली. सर्वांत वर अद्वैत, वय सहा महिने. सर्वांत खाली हिरामण, म्हणजे आप्पा, माझे थोरले काका! आमच्या टेमघरच्या घरात नवरीला पहिली हळद आप्पाच लावतात. ते रुसले तर हळदच अडणार.

"बाबा, हा प्रोग्रॅम लोक हौसेने बनवतात, आपापली नोकरी सांभाळून," मयुरी म्हणाली. "सुधारणा हवी तर त्यांच्या पानावर नीट लिहून मागायची."

"भिवंडीत मागून काम होतं का कधी? माणसं न्यावी लागतात!"

मी भावकीच्या ग्रुपवर हाक दिली. तासाभरात त्या पानावर एक्केचाळीस जण हजर. "आम्हाला पण पाहिजे!" "अर्जंट!" एका मेव्हण्याने गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात टाकलं. दापोड्याच्या चुलतभावाने तर 'गोदाम भाड्याने देणे आहे' असं लिहून खाली चार फोटो लावले.

उत्तर आलं. मयुरीने मराठीत वाचून दाखवलं: "नमस्कार. मी शाळेत शिकवते, हे काम रविवारी करते. कृपया एकानेच लिहा. तुम्ही काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं? नावं हाताने वर-खाली सरकवता येतात, तेवढ्याने भागेल का?"

माझं डोकंच फिरलं. एवढे प्रश्न तर मुलाकडच्यांनीही विचारले नव्हते! मी तोंड फुगवून बसलो, जेवलोही नाही. (माझ्या वाटणीचे बोंबील बायकोने शांतपणे संपवले.)

शेवटी मयुरीनेच चार ओळी लिहिल्या, सोबत यादीचा फोटो जोडला. फक्त शेवटची ओळ माझी.

"लिही, हाताने चालणार नाही. जन्मतारखेवरून, आपोआप!"

"बाबा, आपल्याला आप्पा वर पाहिजेत ना? मग तेवढंच..."

"मी सांगतो ते लिही!"

बाईंनी पुढच्याच रविवारी सोय करून दिली, बिचारीने. मी ग्रुपवर विजय जाहीर केला, सगळ्यांच्या आधारकार्डावरून जन्मतारखा भरल्या, बटण दाबलं आणि यादी न वाचताच सातशे पत्रिका धामणकर नाक्यावर छापायला टाकल्या.

पहिली पत्रिका घेऊन मोठ्या तोऱ्यात आप्पांकडे गेलो. त्यांचे धाकटे भाऊ नानाही तिथेच चहा पीत होते. आप्पांनी चष्मा लावला.

"ह्यो नाना माज्या वर कसा?"

उलगडा नानांनीच केला. दोघं भाऊ एकाच दिवशी शाळेत गेले होते. मास्तरांनी दोघांचीही जन्मतारीख एक जून लिहिली आणि वर्ष टाकलं ते उंची बघून! नाना उंच. त्यामुळे कागदोपत्री आप्पा दोन वर्षांनी धाकटे, आणि तेच वर्ष पुढे आधारकार्डावर चढलेलं.

"याला मी कडेवर घेऊन खाडीवर न्यायचो," आप्पा कडाडले, "आन आता ह्यो थोरला? मी हलदीला येनार न्हाय!"

"बारक्याने जास्त बोलू नये," नाना म्हणाले.

बशी फुटली. कोणी फोडली ते सांगत नाही, पण ती उंच माणसाच्या दिशेने गेली होती.

घरी येऊन मयुरीने एक नाव हाताने उचलून वर ठेवलं. अर्ध्या मिनिटाचं काम! सातशे पत्रिका पुन्हा छापल्या, मी आप्पांचे पाय धरले आणि हळद वेळेवर लागली. पहिली आप्पांचीच. मला खरंच रडू आलं.

त्याच भरात मी मोबाइल काढला आणि बाईंना मराठीतच नवी सूचना लिहिली: "वय नको. जो जास्त रुसतो त्याचं नाव पहिलं, आपोआप."

हळदीने माखलेल्या मयुरीने ती वाचली.

"बाबा, पाठवू नका. पहिले तुम्ही याल, आप्पा पुन्हा दुसरे!"