मरळीचं काळीज

आमच्या घरी मरळ कापली की तिचं हृदय परातीत धडधडत राहायचं. डोकं एका बाजूला, तुकडे दुसऱ्या बाजूला, आणि मधे चिंचोक्याएवढा तो लालसर गोळा आकसायचा, फुगायचा. घरचं मांजर एरवी आतडी पळवायचं, पण ते हलणं थांबेपर्यंत परातीजवळ फिरकत नसे. मी टक लावून पाहत बसले की आई म्हणायची, "पाहू नको त्याच्याकडं. त्याले अजून मालूम नाई."

बाबा गावच्या तलावात मासे धरायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षी पेशीचा धडा सुरू झाला, तेव्हा परातीतल्या त्या गोळ्याचं उत्तर मला मिळालं. सर म्हणाले, हृदयाच्या पेशींना आकसायला कुणी सांगावं लागत नाही; तो ताल त्यांच्यातच असतो. वेगळी काढून योग्य द्रवात ठेवली, तर एकटी पेशीही धडधडते. शरीर मरतं त्या क्षणी सगळ्या पेशी मरत नाहीत, त्या एकामागून एक विझत जातात. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या प्रश्नाला ते कधी हसले नाहीत.

सुट्टीत घरी आले आणि विळीवर बसलेल्या आईला हे सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हणजे माणूस मेला तरी आत काई जित्तं रायते?"

"राहते. थोडा वेळ."

"अन् जाळून टाकते त्याले?" असं म्हणून ती पुन्हा खवले काढू लागली.

मी शेवटच्या वर्षाला असताना बाबा गेले. सकाळी छातीत कळ आली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून जीव नाही म्हणून सांगितलं, आणि जीपने त्यांना परत आणलं. उन्हाचे दिवस होते. अंग गार पडलं नव्हतं. अंगणात तिरडी तयार झाली, पण आईने बाबांच्या छातीवर उजवा पंजा दाबून धरला होता. ती रडत नव्हती.

"चालू आहे," ती म्हणाली.

शेजारचे म्हातारे भाऊ समजावू लागले, "बाई, डॉक्टरनं पायलं ना. दिवस बुडून राह्यला."

"डॉक्टर गेला खड्ड्यात. पोरीनंच त सांगतलं मले, आत जित्तं रायते म्हणून. जित्त्या माणसाले जाळू का मी?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भाऊ म्हणाले, "तू शिकली आहेस, बेटा. तूच पाह्य."

मी आईच्या पंजाशेजारी हात ठेवला. दाबला. ठोका लागला. स्पष्ट, एकामागून एक. बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते, आणि बोटांखाली ते चालू होतं. तोंडातून "आहे" निघणारच होतं.

मग नाडीचं प्रात्यक्षिक आठवलं. सर बजावून सांगायचे, दुसऱ्याची नाडी अंगठ्याने पाहू नका, स्वतःचाच ठोका लागतो. मी हात सैल केला, नुसता टेकवून ठेवला. काही नव्हतं. पुन्हा दाबला. आलं.

आईला कसं सांगणार? मी तिला उठवलं. बाबांचं जाळं टांगलेल्या सागवानी खांबाशी नेलं आणि तिचा पंजा लाकडावर तसाच दाबून धरायला लावला.

"इथी?" मी विचारलं.

तिने पंजा आणखी जोरात दाबला.

"इथीबी आहे," ती हळूच म्हणाली.

"तो ठोका तुया आहे, माय. तिथीबी तुयाच होता."

तिने हात काढून घेतला आणि तळव्याकडे पाहिलं, परक्या माणसाच्या हाताकडे पाहावं तसं. "त्याइचं थांबलं," ती म्हणाली, "मंग मायं काऊन चालू आहे?"

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. ते मी दिलं नाही.

"उचला," आई माणसांना म्हणाली, आणि तिने उजवी मूठ मिटली. तिरडी गेली. बायांनी पाणी दिलं ते तिने डाव्या हाताने घेतलं. पदरही डाव्याच हाताने सावरला. दिवा लागल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले, तेव्हाही ती मूठ मांडीवर मिटलेलीच होती. आत काही धरून ठेवल्यासारखी.