सहा ग्लासांची बाटली

आमच्या मंडळातले चष्मेवाले चष्म्यांचं दुकान चालवायचे, पण त्यांना सगळे 'नाक' म्हणत. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला वकिलांच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सहा जण जमायचो आणि चाळीस-पन्नास वर्षं जुनी एक फ्रेंच रेड वाइन उघडायचो. एवढी म्हातारी वाइन अर्ध्या तासात मान टाकते, त्यामुळे गप्पा नंतर. आधी वास, मग घोट, मग पाळीपाळीने प्रत्येकाचं मत. आम्ही पाच जण 'छान आहे', 'जरा आंबट आहे' असं काहीबाही बोलून मोकळे व्हायचो. चष्मेवाले शेवटी बोलायचे. "नुकतंच टोक काढलेली पेन्सिल," म्हणायचे. किंवा, "आजारी माणसाच्या खोलीतली कालची फुलं." आणि आम्हालाही तोच वास यायला लागायचा.

त्यांच्या मागे भिंतीलगतच्या खुर्चीवर वहिनी शब्दकोडं सोडवत बसायच्या. लोकांचे डोळे तपासणाऱ्या या गृहस्थांची स्वतःची नजर अधू, म्हणून गाडी वहिनी चालवायच्या. चष्मेवाले ग्लास मागे धरून म्हणायचे, "गाळ आलाय का बघ गं." वहिनी वास घ्यायच्या, जेमतेम ओठ ओले करायच्या, त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटायच्या आणि पुन्हा कोड्यात डोकं घालायच्या. दुकानातही तेच. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम हे चढवायचे. ती चेहऱ्याला जड दिसतेय हे काउंटरमागून वहिनी सांगायच्या. अकरा वर्षं हे असं चाललं.

या हिवाळ्यात वहिनी गेल्या. तीन आठवड्यांचं दुखणं, बस्स.

दोन महिने चष्मेवाले फिरकले नाहीत. तिसऱ्या महिन्यात दोन बस बदलून आले. कोटाला इस्त्री होती, पण बटणं एक घर चुकलेली. दुकान पुतण्याने हातात घेतलं होतं, 'काका, तुम्ही आता आराम करा' म्हणून. जिन्यात मला म्हणाले, "मंगळवारपासून आज पहिल्यांदा कुणाशी बोलतोय. कंडक्टर सोडला तर." मी त्यांची बटणं नीट लावून दिली.

त्या दिवशीची वाइन त्रेपन्न वर्षांची होती. बुचाचा पार भुगा झाला, वाइन मलमलीतून गाळून घ्यावी लागली. पाळी फिरत चष्मेवाल्यांकडे आली. त्यांनी वास घेतला आणि सवयीने ग्लास मागे धरला. मागे कुणीच नव्हतं. हात तसाच राहिला, मग हळूच पुढे आला.

"ओलं लाकूड," ते म्हणाले. असलं तर मीही बोललो असतो.

कुणीच 'वा' म्हणालं नाही. त्यांनी पुन्हा वास घेतला. "सर्दी झालीय मला," म्हणाले, आणि ग्लास खाली ठेवला. "नाही. सर्दीबिर्दी काही नाही. मला यातलं कधीच काही कळलं नाही. ती सांगायची, मी बोलायचो. आता तुम्ही मला काढून टाकलंत तरी बरोबरच आहे. फक्त... रविवारी मला दुसरीकडे कुठे जायला नाही हो."

वकील मोठ्याने हसले. "अहो, एवढंच ना? आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! वहिनींची कुजबुज इथपर्यंत ऐकू यायची. तुम्ही येत जा बिनधास्त."

आम्हीही हसलो. एका माणसाचं ओझं उतरवलं असं वाटलं आम्हाला.

चष्मेवाले हसले नाहीत. "सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मग तिला कधी ग्लास का नाही दिला?"

वकील चाचरले. "बाटलीत सहाच ग्लास होतात हो..."

"तुम्हाला नाही विचारत मी," चष्मेवाले म्हणाले. "तुमच्या कानावर नुसती कुजबुज यायची. मला तर सरळ ऐकू येत होतं."

त्यांनी आपला ग्लास न पिता टेबलाच्या मध्यावर सरकवला आणि कोट घातला. मी बसस्टॉपपर्यंत सोबत गेलो. मला माझीच लाज वाटत होती आणि ती सांगायचीही सोय नव्हती.

पुढच्या महिन्यात वकिलांनी सात ग्लास मांडले. भिंतीलगतची खुर्ची टेबलाशी ओढली. चष्मेवाल्यांची वाट बघून साडेचारला बाटली उघडली. प्रत्येक ग्लासात दोन घोट कमी पडले, इतकंच. सातही ग्लास भरले.

चष्मेवाले आले नाहीत.