जॅकेटवर बसू नका

होडीवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपमधल्या एका काकांमुळे मी जिवंत आहे. ओल्या लाइफ जॅकेटचा वास आला की तो दिवस आठवतो. सातवीत शाळा सोडून मी लांबून नाशिकला आलेलो, "उद्या धरणात पहिल्यांदाच होडी घालतोय, काय सांभाळू?" असं ग्रुपवर विचारलं. काकांनी लिहिलं, "दादा, राग मानू नका. जॅकेट बुडाखाली घेऊन बसू नका, अंगावर घाला." मी घातलं. सोबतचा मित्र म्हणाला, "लय भित्रा हायेस!" आणि स्वतःच्या जॅकेटची गादी करून बसला. आणखी हसेल म्हणून काकांचा मेसेज मी त्याला दाखवला नाही. वाऱ्यानं होडी उलटली. त्याचं जॅकेट एकटंच तरंगत माझ्याजवळ आलं. तो दुसऱ्या दिवशी सापडला. काका, आता नव्या माणसांना मी आदरानं सांगतो, दोनदा सांगतो. तुमचे उपकार एक दिवस नक्की फेडीन.