उजवं फुफ्फुस अन् आईचा जिना

किमो संपली तसं डॉक्टरनं आईले अन् मले समोर बसवून सरळ सांगितलं. उजवं फुफ्फुस पूर्ण काढावं लागते. पण किमोनं शरीर खचलेलं आहे. आतली जखम लवकर भरत नाही, श्वासनळीचे टाके सुटू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काही पेशंट उठत नाहीत यातून. अन् नाही काढलं, तर कॅन्सर काही गप्प बसत नाही.

मी रडायच्या बेतात, अन् आई विचारते, "मग मी काय करू?"

"चाला. जिना चढा. दम टिकला नाही तर मी चाकू लावणार नाही."

मी नोकरीले आहे त्या प्लांटमधून मिळालेलं क्वार्टर दुसऱ्या माळ्यावर. आई रोज चढे-उतरे. उलटी झाली की तोंड धुवे अन् पुन्हा चढे. मी म्हटलं, आज राहू दे, तर म्हणे, "तू चूप बस."

आमच्या लोकायले आजारी माणूस पलंगावरच दिसला पाहिजे. बोरसीले राहणारी आत्या नारळपाणी घेऊन भेटाले आली, तर आई जिन्यात, घामाघूम! आत्या माझ्यावरच भडकली, "मायले मारून टाकतेस काय वं?"

माझं डोकं सटकलं. "झोपवून ठेवली तर मरन ते!"

आई कठडा धरून हसली. "या ना, सोबत चढा." आत्या पहिल्याच माळ्यावर बसली बाई!

मग डॉक्टरनं तिच्या बोटाले ऑक्सिजन मोजायची मशीन लावून दवाखान्याचा जिना चढवला. मी खाली उभी. वरून आईचा आवाज आला. डॉक्टरले त्यायच्या लेकरायची शाळा विचारून राहिली होती! खाली येऊन त्यायनं ऑपरेशनची तारीख दिली.

ऑपरेशननंतर ठोके बिघडलेच. आयसीयूच्या काचेतून पाहताना माझा जीव टांगणीले लागला होता. पण आई निघाली त्यातून.

घरी आणली तेव्हा शेजारी खुर्ची घेऊन खाली उभे, उचलून नेतो म्हणे. आत्याही होती. आई बोलली, आवाज बारीक झाला होता, "खुर्ची आत्याले द्या."

अन् चढाले लागली. एक पायरी, मग थांबे. पुन्हा एक. दुसऱ्या माळ्यावर तिनं दाराले हात टेकला, अन् मी सगळ्या ब्लॉकले ऐकू जाईल अशी ओरडली, "माय आहे माझी!"